डोमकळी उघडल्यावर

कापसाच्या पट्ट्यात कुणालाही विचारून पाहा. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पूर्वी मरायची, आता का मरत नाही? शेतकरी असो, कृषी केंद्रात बियाणं विकणारा असो, नाहीतर माझ्या वर्गातला दहावीचा विद्यार्थी असो, उत्तर एकच येतं. "अळीले सवय झाली ना जी."

हे उत्तर चुकीचं आहे. ते दुरुस्त करणारा धडा त्या विद्यार्थ्याच्या दप्तरातच असतो. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग दोनमधला पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे मुलं बिनचूक लिहितात आणि गुण मिळवतात. संध्याकाळी तीच मुलं वावरात जातात, किडलेलं बोंड फोडतात आणि म्हणतात, सवय झाली. वहीतलं जीवशास्त्र आणि वावरातलं जीवशास्त्र यांची गाठच पडत नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाच्या हायस्कुलात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणि त्यानंतरच्या परिपत्रकांत 'अनुभवाधारित शिक्षण' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. माझ्यापुरता मी त्यांचा अर्थ असा लावला आहे : मुलांनी सजीव वस्तू स्वतः हाताळावी, तिच्याविषयी स्वतः प्रश्न काढावा आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे मॅडमच्या चेहऱ्याकडे न पाहता समोरच्या वस्तूकडे पाहून ठरवावं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत मोलाचीही.

पऱ्हाटीच्या ओळीत

पोळा झाला की आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर येते. त्या आठवड्यात मी मुलांना डोमकळ्या आणायला सांगते. बोंडअळीची लहान अळी कळीत शिरते, आतून रेशमासारख्या धाग्यांनी पाकळ्या एकमेकींना बांधून टाकते आणि फूल उमलायचं थांबतं. अर्धवट मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं ते फूल म्हणजे डोमकळी. गावातलं लहान पोरही ती ओळखतं. पण ओळखणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती सावकाश उघडून पाहिलेली असते.

वर्गात वर्तमानपत्र पसरायचं, चिमटा आणि भिंग घ्यायचं, पाकळी एकेक करून सोडवायची. आत परागकोश कुरतडलेले दिसतात, विष्ठेचे बारीक कण दिसतात आणि मग अळी सापडते. इथे पहिला गोंधळ होतो, कारण पुष्कळदा ती गुलाबी नसते. लहान वयात ती पांढुरकी असते, वाढली की अंगावर गुलाबी पट्टे येतात. "मॅडम, ही दुसरी कोणती तरी हाये," असं कुणीतरी म्हणतंच. मी काही सांगत नाही. अळी बोंडाच्या तुकड्यासह बरणीत ठेवायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज पाहायचं. काही दिवसांत रंग बदलतो, पुढे कोष होतो, कोषातून करड्या-तपकिरी रंगाचा छोटा पतंग निघतो. पतंग बाहेर सुटू नये म्हणून बरणी वर्गातच राहते आणि काम संपल्यावर तिची नीट विल्हेवाट लावली जाते. 'दुसरी कोणती तरी' म्हणणाऱ्या मुलाला त्याचं उत्तर बरणीतून मिळालेलं असतं.

मग प्रश्न सुरू होतात. फूल एवढं घट्ट मिटलेलं, तर अळी शिरली कुठून? बोंडाला भोक दिसत नाही, मग आत कशी? अंड्यातून निघाल्याबरोबर ती आत शिरते, तेव्हा भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि बोंड वाढताना ते बुजून जातं. हे समजलं की पुढचा प्रश्न मुलांच्याच तोंडून येतो : मग वरून मारलेलं औषध तिला लागणार कसं? फवारणी कधी उपयोगाची आणि कधी वाया, हा शेतकऱ्याच्या पैशाचा आणि आरोग्याचा प्रश्न एका अळीच्या जीवनचक्रातून वर्गात येऊन उभा राहतो.

पुढची पायरी कामगंध सापळ्याची. सापळ्यात मादीच्या गंधासारखा गंध असलेली ल्यूर टांगतात. त्या गंधाने नर पतंग येतात आणि अडकतात. सापळा लावलेल्या वावरांतून मुलं सकाळी शाळेत येताना पतंग मोजून आणतात आणि फळ्यावरच्या तक्त्यात आकडा लिहितात. सापळ्यात इतरही किडे पडतात, त्यामुळे कोणता पतंग आपला आणि कोणता परका हे आधी शिकावं लागतं. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर उपाय करण्याची वेळ आली, अशी शिफारस आहे. एकदा एका मुलीचे वडील शाळेत आले. म्हणाले, "पोरगी म्हणते बाबा, आज फवारू नका, सापळ्यात तीनच पतंग हायेत. मॅडम, हे बरोबर हाये का?" मी त्यांना फळ्यावरचा तक्ता दाखवला आणि त्यांच्या मुलीलाच समजावून सांगायला लावलं. तिने मोजलेल्या आकड्यांवर ती बापाशी बोलत होती. वीस गुणांच्या प्रात्यक्षिकात हे कुठे मोजलं जाणार?

फवारणीचा विषय आमच्या भागात साधा नाही. २०१७च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. विष तोंडावाटेच पोटात जातं असं नाही. ते श्वासातून जातं, त्वचेतूनही जातं. घामाने भिजलेल्या अंगावर ओला सदरा घालून फवारणं का घातक, हे त्वचा आणि श्वसनाच्या पाठात आम्ही सविस्तर बोलतो. मुलांना वावरात पाठवण्याआधी तिथे शेवटची फवारणी कधी झाली हे मी घरच्यांना विचारते, आणि नुकतीच झाली असेल तर तिकडे कुणी जात नाही.

लाल आणि पांढरे मणी

आता 'सवय झाली' या उत्तराकडे येऊ. बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाड एक प्रथिन तयार करतं. ते खाल्लं की अळीच्या आतड्याच्या भिंतीला भोकं पडतात आणि ती मरते. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन प्रथिनांची बोलगार्ड-२ २००६ साली आली. पुढच्या दहा वर्षांत गुलाबी बोंडअळीने दोन्ही प्रथिनं पचवली, आणि २०१७ साली विदर्भातली बोंडं आतून पोखरली गेली.

अळीला सवय झाली म्हटलं की असं वाटतं, एकेक अळी थोडं थोडं विष खाऊन कणखर झाली. तसं झालेलं नाही. हजारो अळ्यांत काही मोजक्यांकडे जन्मतःच वेगळी जनुकं होती. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या आणि पुढची पिढी त्यांची झाली. हे मी फळ्यावर सांगून पाहिलं तर मुलं मान डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा 'सवय' लिहितात. म्हणून आम्ही मणी घेतो.

कापडी पिशवीत ८० पांढरे आणि २० लाल मणी. तुरीचे आणि ज्वारीचे दाणे का नकोत, असं मी आधी विचारते. कुणीतरी लगेच सांगतं, "बोटाले कळते ना मॅडम, तूर कोणती ते." एका आकाराचे मणी का हवेत, हे त्यांनी ओळखलेलं असतं. न पाहता दोन दोन मणी काढायचे. दोन मणी म्हणजे एक अळी, कारण प्रत्येक गुणाचं एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून येतं. लाल म्हणजे बीटीला दाद न देणारं जनुक. पण एकच लाल असून भागत नाही, दोन्ही लाल असतील तरच अळी वाचते. शंभर मण्यांच्या पन्नास जोड्या होतात आणि त्यांत लाल-लाल अशा दोन-तीनच निघतात. बाकी सगळ्या मेल्या. आता वाचलेल्यांचीच पिल्लं पुढच्या पिशवीत टाका. पिशवी पूर्ण लाल! एका पिढीत! खऱ्या शेतात लाल मणी सुरुवातीला फारच थोडे असतात, त्यामुळे वर्षं लागतात. पण कोणतीही अळी बदलली नाही आणि तरी सगळी वस्ती बदलली, ही गोष्ट मुलांच्या हातात असते.

दुसऱ्या डावात शेजारी एक ताटली ठेवायची. ती म्हणजे बिगर-बीटी कपाशीच्या ओळी. तिथे अळ्या मरत नाहीत, त्यामुळे तिथून पांढरे मणी पुढच्या पिशवीत येत राहतात. लाल पतंगांची जोडी पांढऱ्यांशी जमते, लाल-पांढरी पिल्लं बीटीवर मरतात आणि लाल-लाल जोडी निघणं पुष्कळ लांबतं. कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी का यायची, ते वर्गाला इथे कळतं. "आमच्या घरी तर ते पुडी फेकूनच देत होते," असं मुलं सांगतात. बहुतेकांच्या घरी तेच होत होतं. ती पुडी कशासाठी आहे हे त्यांना कुणी मण्यांनी किंवा शब्दांनी समजावून सांगितलेलं नव्हतं. आणि वेचा संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेतली की अळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत टिकते, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनातही हीच अळी होती आणि असंच प्रथिन होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी कपाशीचे पट्टे नेमाने लावले, पुढे वांझ केलेले पतंगही सोडले गेले, आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. तिथली परिस्थिती वेगळी, शेतं मोठी, यंत्रणा मोठी. तरी जीवशास्त्राचा नियम दोन्हीकडे तोच आहे, आणि तो समजणाऱ्यांची संख्या वाढवणं शाळेच्या हातात आहे.

तेच मणी, दुसरा प्रश्न

मण्यांची पिशवी मी बाजूला ठेवत नाही. विदर्भात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि दहावीच्या त्याच पाठात त्याचा उल्लेख आहे. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने ऑक्सिजन कमी झाल्यावर पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते.

'एक चतुर्थांश' हे मुलांना पाठ असतं आणि त्याचा अर्थ ती असा घेतात की चार मुलांत एक आजारी, म्हणजे एक झालं की पुढची तीन सुरक्षित. हा गैरसमज घरांमध्ये भयंकर महाग पडतो. म्हणून प्रत्येक जोडीला दोन छोट्या पिशव्या मिळतात, आईची आणि बापाची, दोन्हींत एक लाल आणि एक पांढरा मणी. इथे लाल म्हणजे सिकलसेलचं जनुक. दोन्हींतून एकेक मणी काढायचा, नोंद करायची, मणी परत टाकायचा. चार वेळा केलं की चार लेकरांचं एक घर झालं. कुणाच्या घरात एकही लाल-लाल नाही, कुणाच्या घरात दोन, एखाद्याच्या घरात तीन. गणित सांगतं की वाहक आई-बापांच्या चार लेकरांच्या दर शंभर घरांपैकी बत्तीसेक घरांत एकही मूल आजारी नसेल. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र केले की प्रमाण पावाच्या जवळ येतं. मण्याला मागचं काही आठवत नाही, हे मुलं स्वतः म्हणतात. प्रत्येक वेळी डाव नवा असतो.

इथे शिक्षकाने एक पथ्य कसोशीने पाळावं. वर्गात कुणाची तपासणी झाली, कुणाचा अहवाल काय, हे कधीही विचारू नये. वर्गात बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी हा आजार असतोच. प्रयोग मण्यांवर होतो आणि मुलांचं खासगीपण अबाधित राहतं. नंतर एखादी मुलगी व्हरांड्यात थांबून हळूच विचारते की तपासणी कुठे होते, तेव्हा तिला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट सांगायची. १ जुलै २०२३पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणीची सोय आहे, ती का करायची हे समजलेली मुलं हवीत.

मग शेवटचा धागा. एवढा त्रासदायक लाल मणी पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? कारण एकच लाल मणी असलेल्या माणसाला तीव्र मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. डासांनी भरलेल्या जंगलपट्ट्यात तो फायद्याचा ठरला. बोंडअळीत जे घडलं तेच माणसात घडलं आहे, हे वर्गाला जाणवतं तेव्हा नैसर्गिक निवडीची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

मुळांवरच्या गाठी

प्रत्येक प्रयोगाचं उत्तर नेमकं येत नाही, आणि तसं येऊही नये. सोयाबीन फुलोऱ्यावर असताना आम्ही झाड मुळांसकट काढतो. उपटायचं नाही, कारण गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करून झाड उचलायचं आणि बादलीत अलगद धुवायचं. मुळांवर मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या गाठी दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो रोग वाटतो. ब्लेडने गाठ कापली की आतून गुलाबी निघते. वनस्पतीच्या आत रक्तासारखा रंग पाहून मुलं थबकतात. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातल्या प्रथिनाचा. गाठीतले रायझोबियम जातीचे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. गुलाबी गाठ कामावर असते. हिरवट किंवा करडी झालेली गाठ थकलेली.

मग तुलना. भरपूर युरिया टाकलेल्या वावरातलं झाड आणि न टाकलेल्या वावरातलं झाड. बहुतेकदा युरियाच्या झाडावर गाठी कमी निघतात. आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना पोसत नाही. पण नववीतल्या एका मुलाने विचारलं, "दोन्ही वावरातली मातीच वेगळी हाये, मग युरियानंच झालं हे कशावरून?" संपूर्ण प्रयोगशाळेतून यापेक्षा चांगला प्रश्न निघणार नाही. मग शाळेच्या मागच्या पट्टीत एकच माती, एकच बियाणं, सारखं पाणी आणि अर्ध्या ओळींना युरिया असा प्रयोग मुलांनीच आखला.

दुसऱ्या एका वर्षी बियाण्याला रायझोबियमची बीजप्रक्रिया करून पाहिली. केलेल्या आणि न केलेल्या झाडांच्या गाठींत फरक दिसला नाही. मुलांना वाटलं प्रयोग फसला. तो फसला नव्हता. ज्या मातीत वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथे हे जिवाणू आधीच भरपूर असतात. मग जिथे सोयाबीन कधीच घेतलं नाही अशा जागेची माती आणून पाहायचं ठरलं. उत्तर ठाऊक असलेल्या प्रयोगातून पुढचा प्रश्न निघत नाही. इथे निघाला.

कपाटातलं यंत्र

सूक्ष्मदर्शकाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अनेक शाळांत तो कपाटात कुलपाखाली असतो, फुटेल या भीतीने. तो बाहेर काढावा आणि फुटला तर दुरुस्त करावा, पण मुलांच्या हाती द्यावा. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी २०१४ साली जगापुढे आणलेला कागदी फोल्डस्कोपही आता मिळतो. घडी घातलेल्या कागदात बसवलेलं एक बारीक भिंग वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतं. तो खिशात मावतो आणि पडला तरी फुटत नाही.

कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग सगळेच करतात. मी त्यात दोन गोष्टींचा आग्रह धरते. पहिली, चित्र काढताना पुस्तक बंद. नाहीतर मुलं नळीतून पाहतात आणि पुस्तकातलं काढतात. पुस्तक मिटलं की काळ्या जाड कडेची गोल वर्तुळं वहीत येतात. ते हवेचे बुडबुडे असतात. टाचणीने आच्छादन काच दाबली की बुडबुडा सरकतो, पेशी जागची हलत नाही. फरक मुलांनी स्वतः शोधलेला असतो. दुसरी गोष्ट मोजमाप. कमी शक्तीच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवायची, दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची, मग त्या रुंदीत किती पेशी मावतात ते मोजून भागायचं. पेशीची लांबी आकड्यात येते आणि 'सूक्ष्म' हा शब्द नेमका होतो.

"मॅडम, तंतुकणिका कुठे हायेत?" हा प्रश्न दरवर्षी येतो. आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी दिसतं, पेशीभित्तिका दिसते, पण पुस्तकातल्या आकृतीतलं बाकी काही दिसत नाही. या प्रश्नाला "असतात, लिहून घ्या" म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे. ती आकृती अनेक प्रकारच्या सूक्ष्मदर्शकांनी, अनेक माणसांनी, अनेक वर्षांत पाहिलेल्या गोष्टी एकत्र करून काढलेली आहे. तंतुकणिकेच्या आतल्या घड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. आपल्याला काय दिसलं आणि आपण कुणाच्या शब्दावर काय मानलं, हे वेगवेगळं लिहायला शिकलेलं मूल पुढे औषधाच्या जाहिरातीलाही तोच प्रश्न विचारेल.

हे नवं नाही

सेवाग्राम आमच्या जिल्ह्यातलंच. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. हाताच्या कामातून ज्ञान, हा त्याचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई आणि शेती हेच शिकण्याचं साधन होतं. सातपुड्यापलीकडे, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने सोळा उच्च प्राथमिक शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुलं गटाने प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवता येई आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. मुलांच्या मनातले प्रश्न 'सवालीराम'ला पत्राने जात आणि त्यांना उत्तरं येत. १९८२पासून एकलव्य संस्थेने हा कार्यक्रम सांभाळला. साध्या सरकारी शाळांत तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. तो चालला तितका काळ हे सिद्ध झालं की खेड्यातल्या सरकारी शाळेत, महागड्या प्रयोगशाळेशिवाय, असं शिकवता येतं.

शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही आहेत. साठ मुलांचा वर्ग, जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, पोर्शन संपवण्याची घाई, मधूनच येणारी सर्वेक्षणं. त्यावर मला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या आहेत. आठवड्यातून एकदा दोन तासिका सलग मागून घ्यायच्या. चार-चार मुलांचे गट करायचे आणि प्रत्येकाला काम वाटून द्यायचं : एक हाताळणारा, एक पाहणारा, एक लिहिणारा, एक शंका काढणारा. सगळे पाठ प्रयोगाने शिकवायचा हट्ट धरायचा नाही. सत्रात तीन-चार मोठे विषय निवडायचे आणि त्यांत खोल जायचं. हातांना काम दिलं म्हणजे डोकं चालतंच असंही नाही. सूचनांबरहुकूम रसायन ओतून, ठाऊक असलेला निष्कर्ष जर्नलात उतरवणं म्हणजेही नुसतं लेखनच. प्रयोगाआधी प्रत्येकाने काय होईल असं वाटतं ते लिहावं, नंतर काय झालं ते लिहावं, आणि दोन्ही जुळलं नाही तर का, हे गटाने बोलावं. यासाठी एक पैसाही लागत नाही.

परीक्षेतही हे आजच्या चौकटीत बसतं. दहावीला विज्ञानाचे ऐंशी गुण लेखी आणि वीस प्रात्यक्षिकाचे. त्या विसांसाठी मागच्या वर्षीच्या जर्नलावरून उतरवलेलं जर्नल का तपासायचं? मुलीपुढे तिने कधी न पाहिलेलं पान ठेवावं. पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने उचललेले ठसे तिला द्यावेत आणि विचारावं, कोणता ठसा वरच्या बाजूचा? ती पर्णरंध्रं मोजेल आणि अंदाज बांधेल. मग तो अंदाज चुकीचा ठरवायला काय पाहावं लागेल, हेही तिला विचारावं. ते उत्तर कोणत्याही गाईडात छापलेलं नाही.

शाळेबाहेरच्यांनाही माझं एक मागणं आहे. गावातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याने वर्षातून एक दुपार वर्गासाठी ठेवावी. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने सिकलसेलची तपासणी कशी होते ते दाखवायला यावं. आणि प्रत्येक गावात एका तरी शेतकऱ्याने आपल्या वावरातल्या चार ओळी हंगामभर शाळेच्या नावाने ठेवाव्यात. तिथे काय पेरायचं, काय मोजायचं आणि कशाची कशाशी तुलना करायची, हे आठवी-नववीची मुलं ठरवतील. त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या शेतकऱ्याच्या आजवरच्या समजुतीविरुद्ध गेला तर त्याने रागावू नये. त्यांचा तक्ता मागावा, आकडे तपासावेत आणि पुढच्या वर्षी त्या ओळी पुन्हा द्याव्यात.